यादी वाचतां वाचतां बदलूं नये

एखाद्या वाचनालयाच्या कारकुनाजवळ वर्गणी थकलेल्या सभासदांची यादी आहे असें समजा. ज्यांनीं पैसे भरले, त्यांचीं नांवें तींतून काढावयाचीं आहेत. हेंच काम जावा या संगणकभाषेंतील आज्ञावलीकडे सोंपविलें, तर पुष्कळदां ती मध्येंच थांबते आणि ‘कन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन’ अशी तक्रार नोंदविते. नांवावरून वाटतें, दोघे जण एकाच वेळीं यादीला हात घालीत असावेत. बहुधा तसें नसतें. वाचणारा आणि खोडणारा एकच असतो.

याचें कारण असें. ‘अ‍ॅरेलिस्ट’ ही यादी आपल्यांत किती वेळां भर वा घट झाली याचा आंकडा ठेविते. ती क्रमानें वाचून दाखविणारा ‘इटरेटर’ आरंभींच तो आंकडा टिपून घेतो आणि पुढचें नांव देण्यापूर्वीं दोन्ही आंकडे ताडून पाहतो. मध्यंतरीं आपण यादींतून परस्पर नांव काढलें, कीं आंकडे जुळत नाहींत व काम थांबतें.

परंतु तक्रार आली नाहीं म्हणून निर्धास्त राहूं नये. यादींत पांच नांवें होतीं. त्यांतील चवथें काढलें. आतां चारच उरलीं, आणि चार वाचूनही झालीं. इटरेटर समजतो, काम संपलें. पांचवें नांव तपासलेंच जात नाहीं. त्या गृहस्थानें वर्गणी भरलेली असली, तरी त्याच्या घरीं तगाद्याचें पत्र जातें!

दोष शोधतांना तक्रारीसोबत आलेल्या ओळींत आपल्या स्वतःच्या आज्ञावलीची पहिली ओळ पाहावी. ती बहुधा आवर्तनाच्या आरंभाची असते. खरा अपराध आवर्तनाच्या पोटांत, नांव घालण्याच्या वा काढण्याच्या आज्ञेंत असतो.

उपाय सोपे आहेत. नांव काढणें तें इटरेटरच्याच ‘रिमूव्ह’ या आज्ञेनें काढावें, म्हणजे दोन्ही आंकडे जुळते राहतात. २०१४ सालच्या आठव्या आवृत्तीपासून ‘रिमूव्ह-इफ’ ही आज्ञा हें सारें एकदमच करते. नवीं नांवें वेगळ्या यादींत जमवून आवर्तनानंतर मिळवावीं. खरोखरच अनेक धागे एकाच यादीवर काम करीत असतील, तर २००४ पासूनची ‘कॉपी-ऑन-राइट अ‍ॅरेलिस्ट’ घ्यावी. मात्र ती प्रत्येक बदलास संपूर्ण नवी प्रत करते, म्हणून वाचन फार आणि बदल थोडे असतील तेथेंच ती परवडते.

आणि शेवटीं एक परीक्षा अवश्य घ्यावी: यादींतील अखेरचीं दोन्ही नांवें काढावयाचीं ठेवून आज्ञावली चालवून पाहावी. त्यांतलें एक जरी मागें राहिलें, तरी दोष अजून आंत आहे.