टायर घ्यायला साहेबांना पाठवा!

"वहिनी, साहेबांना पाठवा ना, त्यांना समजावून सांगतो," दुकानदार म्हणाला आणि मी पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत अजूनच घट्ट बसले.

त्याचं असं झालं. २०२४ च्या जूनमध्ये आमच्या बचत गटातल्या एका आजींना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी चिपळूणहून कराडला नेलं होतं. गाडी आमची अल्टो, २०१५ ची. परत येताना कुंभार्ली घाटात पाऊस नुसता मी म्हणत होता. उतरताना एका वळणावर ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडीचा मागचा भाग सर्रकन दरीकडे सरकला. कशी सावरली, देव जाणे! डोळ्याला पट्टी बांधून बसलेल्या आजी म्हणाल्या, "काय गं, खड्डा होता का?" "हो आजी," म्हटलं. घरी येईपर्यंत पाय थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी अंगणात वाकून टायर बघितले. मैत्रिणींनो, साडी घेताना काठ, पदर, उलटी बाजूसुद्धा बघणाऱ्या आपण; पण गाडीला नऊ वर्षं झाली तरी मी कधी टायर वाचला नव्हता! हो, टायर वाचायचा असतो. कडेला एका चौकटीत चार आकडे असतात. मागच्या टायरवर होतं २२१५, म्हणजे २०१५ सालचा बाविसावा आठवडा. गाडीबरोबर आलेले तेच टायर! नक्षी थोडी शिल्लक होती, पण रबर कडक होऊन बारीक भेगा पडलेल्या. असं रबर ओल्या रस्त्याला धरत नाही. पुढचे दोन मात्र दोन वर्षांपूर्वी बदललेले, चांगले होते. नक्षीच्या खाचेत तळाशी लहान उंचवटे असतात. झिजून नक्षी त्यांच्या पातळीला आली, म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली, की टायर संपला. पुढच्यांना अजून अवकाश होता. म्हणून मागची जोडीच घ्यायची ठरवली.

गाडीचं माप १४५/८० आर १२. म्हणजे रुंदी १४५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ८० टक्के, आणि रिम १२ इंची. दुकानदार म्हणाला, "थोडे रुंद टाका, गाडी उठून दिसेल." आमच्या ह्यांनाही फोनवर ते पटलं! पण टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो आणि पुढे सरकला की पुन्हा फुगतो. या दबण्या-फुगण्यातच पेट्रोलची शक्ती उष्णता होऊन वाया जाते. रुंद टायरने साधारणपणे ती जास्तच जाते. मग लहान गाडी घेऊन मिळवलं काय? मी कंपनीच्या मापावरच ठाम राहिले. हल्ली फ्रिजसारखे स्टार काही टायरनाही असतात, जास्त स्टार म्हणजे पेट्रोल कमी. आमच्या मापात त्या दुकानात तसा नव्हता.

मग त्याने स्वस्तातली जोडी काढली. आकडे वाचले, तर तीन वर्षं गोदामात पडून असलेली! "ताजी दाखवा," म्हटल्यावर त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. तीनशे रुपये जास्त गेले, जाऊ देत.

खरा वाद पुढेच. "नवे पुढे लावतो, पुढचे मागे टाकतो, सगळे तसंच करतात," तो म्हणाला. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडेही तसंच केलं होतं. इंजिन पुढची चाकं ओढतं, ती लवकर झिजतात, म्हणून हा रिवाज. पण पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंगला कळतं, पाय काढून गाडी सावरता येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते. ते मी घाटात पाहून आले होते. म्हणून चांगल्या नक्षीची जोडी मागेच हवी. शेवटी, "तुमची मर्जी," म्हणत त्याने मागेच लावली. व्हॉल्व्ह नवे घातले, चाकं बॅलन्स केली, अलाइनमेंटही करून घेतली.

हवेचं मी आता स्वतः बघते. ड्रायव्हरच्या दाराशी स्टिकर असतो, त्यावरच्या आकड्याइतकी, तीही सकाळी, टायर गार असताना. हवा कमी झाली की ॲव्हरेज उतरतं, हे वहीत पेट्रोलचा हिशोब लिहायला लागल्यापासून दिसतंच आहे.

ऑगस्टमध्ये आजींच्या दुसऱ्या डोळ्यासाठी पुन्हा कराडला गेलो. येताना तेच वळण, तसाच पाऊस. आजी म्हणाल्या, "खड्डा बुजवला वाटतं गं!"