'येथे बॉल खेळू नये'

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये वरील पाटी आहे. ती मीच टाइप करून, लॅमिनेट करून लावली. तेव्हा मी कमिटीत होतो, दोन गाड्यांच्या काचा फुटल्या होत्या आणि माझा मुलगा रांगत होता. आता तो नऊ वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "वजन वाढतंय, रोज तासभर खेळू द्या याला." परत येताना त्याने विचारले, "बाबा, कुठे?"

तासभर हा आकडा डॉक्टरांच्या मनचा नाही. 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे दमसास लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सल्ला आपल्याला पाठ आहे. अडते ते जागेवर, वेळेवर आणि क्लासच्या फीवर.

याबद्दल शोधताना आइसलँडची हकिगत वाचली. 1998 मध्ये तिथल्या 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के जणांनी आदल्या महिन्यात झिंगेपर्यंत दारू प्यायली होती. सरकारने नुसती भाषणे केली नाहीत. क्रीडा क्लबांना पैसा दिला. राजधानी रेक्याविकमध्ये तर प्रत्येक मुलामागे वर्षाला ठरावीक रक्कम ठेवली. पालकांनी ती फुटबॉलला वापरावी नाहीतर संगीताला. आठवड्यातून चारदा किंवा अधिक वेळा क्लबमध्ये खेळणारी मुले 1997 मध्ये 24 टक्के होती, 2012 पर्यंत 42 टक्के झाली. आणि दारूचा तो आकडा 2016 मध्ये 5 टक्क्यांवर आला. सगळे श्रेय खेळाचे नाही. रात्री मुलांनी बाहेर फिरण्यावर बंदी होती, पालकांचे गटही होते. पण लक्षात घ्या, रक्कम प्रत्येक मुलासाठी होती, फक्त जिंकणाऱ्यासाठी नाही.

आपल्या बडोद्याला हे परके वाटू नये. माझे आजोबा कारकून, अंगाने काटकुळे, पण संध्याकाळी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचेच. पदकासाठी नव्हे, सगळे जायचे म्हणून.

गुजरातेत 2010 पासून खेल महाकुंभ होतो. चांगलेच आहे. पण पहिल्याच फेरीत हरलेले पोर दुसऱ्या दिवशी कुठे खेळणार? आमच्या मागच्या शाळेचे मैदान शाळा सुटली की कुलूपबंद. आम्ही अर्ज केला, तर "पोरगं पडलं तर जबाबदार कोण?" प्रश्न रास्त आहे. म्हणूनच संध्याकाळचा एक शिक्षक आणि एक रखवालदार यांचा पगार आरोग्याच्या खर्चात धरावा असे मला वाटते. पुढे मधुमेहाच्या गोळ्यांवरही सरकार खर्च करतेच की!

तोवर पाच ते सात पार्किंगचा एक कोपरा मोकळा ठेवा, असे मी कमिटीला सुचवले. ज्यांची काच फुटली होती ते काका ऐकेनात. म्हणाले, "पाटी तुम्हीच लावलीत ना?" रविवारी पुन्हा मीटिंग आहे.