वणव्याच्या तोंडचा घास

वणवा म्हटला की आपल्याला फेकलेली विडी नाहीतर बांधावर पेटवलेले गवत आठवते. पण ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात २६ ऑक्टोबर २०१९ रोजी गॉस्पर्स माउंटनजवळ वणवा लागला तो वीज पडून. दुष्काळाने रान वाळून गेलेले, दऱ्या इतक्या खोल की बंब पोहोचेना. ५ लाख हेक्टरांहून अधिक मुलूख जळाला. धूर सिडनीपर्यंत गेला आणि दमेकऱ्यांना दारे लावून घरात बसावे लागले.

एवढ्या आगीवर नुसते पाणी पुरत नाही. तिच्या वाटेवरचा पालापाचोळा आपणच आधी जाळून तिच्या तोंडचा घास काढून घ्यायचा, ही तिथली रीत, आपल्याकडच्या जाळरेषेसारखीच. पण १४ डिसेंबरला माउंट विल्सनजवळ अशी मुद्दाम लावलेली आग हाताबाहेर गेली आणि सफरचंदांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या बिलपिन भागात घरे जळाली. लढणाऱ्यांत बरेचसे बिनपगारी स्वयंसेवक होते. त्यांना दोष देणे आम्हांला जड जाते. तरी बांध पेटवून जेवायला घरी जाणाऱ्या आपल्या बंधूंनी ही हकीकत जरूर वाचावी!

याच रानातील एका दरीत १९९४ साली सापडलेली वोलेमी पाइनची झाडे आहेत. मोठी झाडे शंभराच्या आत. हेलिकॉप्टरमधून माणसे दोराने खाली उतरवून तिथे नळ्या टाकल्या, जमीन भिजवून ठेवली. काही झाडे होरपळली, बहुतेक वाचली.

जानेवारी २०२० मध्ये वणव्याला चहूबाजूंनी वेढा पडला. पुरता विझवला तो फेब्रुवारीच्या पावसाने.