कायम निवासी, पण नागरिक नव्हे

परक्या देशात कायमचे राहण्याचा हक्क आणि त्या देशाचे नागरिकत्व या दोन गोष्टी पुष्कळदा एकच समजल्या जातात. वस्तुतः परदेशी पाहुणा आणि नागरिक यांच्यामध्ये कायद्याने आणखी एक पायरी निर्माण केलेली आहे. ती म्हणजे कायम निवाशाची. ही पायरी काय देते आणि काय राखून ठेवते, हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

तेथे कायम निवाशाला मिळणारे ओळखपत्र ‘ग्रीन कार्ड’ या नावाने प्रसिद्ध आहे. ते धारण करणाऱ्यास देशात कोठेही राहता येते, नोकरी वा व्यवसाय करता येतो. नोकरी सुटली, तरी त्याचा राहण्याचा हक्क सुटत नाही. ठरावीक मुदतीच्या परवान्यावर आलेल्या कामगाराहून तो वेगळा ठरतो तो येथेच. त्याची कर्तव्येही बव्हंशी नागरिकासारखीच असतात. जगात कोठेही मिळविलेल्या उत्पन्नावर त्याला तेथील कर लागू होतो. परंतु राष्ट्राध्यक्षाच्या किंवा काँग्रेसच्या निवडणुकीत त्याला मत नसते, आणि प्रवासासाठी पारपत्र मायदेशाचेच वापरावे लागते.

‘कायम’ हा शब्दही येथे मर्यादित अर्थानेच घ्यावयास हवा. एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ देशाबाहेर राहावयाचे झाल्यास, निघण्यापूर्वीच पुनःप्रवेशाचा परवाना मागावा लागतो. शिवाय नागरिकाला जे भय नाही ते कायम निवाशाला असते. ते म्हणजे हद्दपारीचे. पीटर हॅरिसियाडिस हा ग्रीक मुलगा 1916 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, अमेरिकेत आला. पुढे तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला. त्याचे सभासदत्व 1939 मध्ये संपले. तथापि 1940 च्या कायद्याने अशा पूर्वीच्या सभासदत्वासाठीही हद्दपारी करता येऊ लागली. 1952 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या हद्दपारीचा आदेश वैध ठरविला. छत्तीस वर्षांचे वास्तव्यही त्याला तारू शकले नाही.

भारतीयांना तर नागरिकत्वाची वाट दीर्घकाळ बंदच होती. भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात 1923 मध्ये, भारतीय ‘गोरे’ नाहीत म्हणून ते नागरिक होण्यास पात्र नाहीत, असा निर्णय झाला. ही बंदी 1946 मध्ये उठली. परंतु स्थलांतर करू इच्छिणाऱ्या भारतीयांसाठी वर्षाला केवळ 100 जागा ठेवण्यात आल्या. वंशमूलावर आधारलेली ही वाटणी 1965 च्या कायद्याने रद्द झाली.

आज कायम निवाशाला सामान्यतः पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. मात्र परकीय नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच, 1955 च्या भारतीय कायद्यानुसार, भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. म्हणूनच हे पाऊल उचलावे की मधल्याच पायरीवर राहावे, हा निर्णय अनेकांना सोपा वाटत नाही. एका बाजूस मायदेशाचे नागरिकत्व असते. दुसऱ्या बाजूस, ज्या देशाचे कायदे आपले दैनंदिन जीवन घडवितात, तेथील मताचा अधिकार आणि हद्दपारीपासूनचे अभय असते.