दोन विमानांच्या मधला काळ

मुलगा किंवा मुलगी ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली असावी, नातवंड झाल्याचे वर्तमान यावे, आणि ज्यांचा प्रवास आजवर काशी-रामेश्वरापलीकडे गेला नाही अशा वडील माणसांनी मुंबईहून सिंगापूर व तेथून सिडनी किंवा मेलबर्न असा मार्ग धरावा, हे आता महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत घडत असते. भाडे कमी पडावे म्हणून निवडलेल्या तिकिटात सिंगापूरच्या चांगी विमानतळावर आठ, दहा, कधी बारा तासांचा खोळंबा पदरी येतो. या काळाचे काय करावे हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु त्याचा विचार घरीच न केल्यास दोन प्रकारची फजिती संभवते. एक प्रवासी विमान चुकेल या धास्तीने एकाच खुर्चीवर दिवसभर पाय लोंबते ठेवून बसतो आणि सुजलेली पावले घेऊन पुढच्या विमानात चढतो. दुसरा सारे शहर एका दमात पाहण्याच्या हव्यासाने बाहेर पडतो आणि विमानच गमावतो. या दोहोंमधला शहाणपणाचा मार्ग थोड्याशा हिशेबाने सापडतो.

पहिला प्रश्न परवानगीचा. विमानतळाच्या आतच राहून विमान बदलणे ही एक गोष्ट, आणि शहरात पाऊल टाकणे ही दुसरी. भारतीय पारपत्र बाळगणाऱ्यास सिंगापुरात शिरण्यास व्हिसा लागतो. ऑस्ट्रेलियादी काही देशांचा वैध व्हिसा जवळ असून पुढच्या प्रवासाचे तिकीट निश्चित असल्यास, ठरावीक अटींवर ९६ तासांपर्यंत व्हिसावाचून प्रवेशाची सवलत मिळते. मात्र अखेरचा निर्णय नाक्यावरील अधिकाऱ्याचा असतो. शिवाय आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत प्रवेशपत्रिका संगणकावरून भरून द्यावी लागते. ही कामे मुलांनी किंवा तिकीट काढणाऱ्याने निघण्यापूर्वीच पुरी करून घ्यावीत. आणखी एक गोष्ट येथेच पाहून ठेवावी. दोन्ही विमानांचे तिकीट एकच असेल तर सामान बहुधा परस्पर पुढे जाते. तिकिटे निरनिराळी असतील तर ते स्वतः बाहेर जाऊन ताब्यात घ्यावे लागण्याचा संभव असतो, आणि तेव्हा प्रवेशाची परवानगी ही हौस न राहता गरज बनते.

दुसरा प्रश्न घड्याळाचा. सिंगापूरचे घड्याळ भारताच्या घड्याळापुढे अडीच तास चालते. तिकिटावर लिहिलेली वेळ नेहमी त्या त्या गावची असते. मनगटावरचे घड्याळ मुंबईच्याच वेळेवर राहिले, तर त्यात साडेपाच वाजलेले दिसतील तेव्हा विमान सुटण्याची आठाची घटका भरलेली असेल. म्हणून विमानातून उतरताच पहिले काम घड्याळ लावण्याचे.

त्यानंतर वेळेचा हिशेब शेवटाकडून मांडावा. समजा, सकाळी आठला उतरणे आहे आणि रात्री आठला उड्डाण आहे. नावाला हे बारा तास झाले. परंतु उड्डाणापूर्वी तीन तास विमानतळावर परत असणे श्रेयस्कर, कारण विमानाचे दार उड्डाणाच्या पुष्कळ आधी बंद होते. उतरल्यावर तपासणीत एक तास जातो असे धरावे. शहरात जाण्यास व येण्यास एकेक तास राखावा. उरले सहा. त्यातून भोजन, विसावा आणि अवचित पाऊस यांसाठी दोन तास वजा केले, म्हणजे हाती खरोखर चार तास राहतात. याच रीतीने पाहिले, तर सात तासांहून कमी मुक्काम असणाऱ्याने शहराचा मोह धरू नये हे उघड होते.

असा प्रवासी काही तोट्यात राहत नाही. १९८१ मध्ये सुरू झालेला हा विमानतळ बराचसा समुद्र हटवून मिळविलेल्या भूमीवर उभा आहे. त्याच्या तिसऱ्या इमारतीत फुलपाखरांचे उद्यान आहे, पहिल्या इमारतीच्या गच्चीवर निवडुंगांची बाग आहे. पहिली तीन ठाणी लहानशा स्वयंचलित गाडीने जोडलेली आहेत. चौथे तेवढे वेगळे असून तेथे बसने जावे लागते. २०१९ मध्ये खुल्या झालेल्या ‘ज्युएल’ या काचेच्या घुमटात ४० मीटर उंचीवरून पाणी कोसळते. पण घुमटात जाण्यास प्रवेशाची परवानगी लागते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. आत राहणाऱ्याने दर तासाला उठून थोडे चालावे, औषधे हातपिशवीतच ठेवावीत, आणि झोप घेण्यापूर्वी गजर अवश्य लावावा.

ज्यांच्याजवळ परवानगीही आहे आणि वेळही आहे, त्यांनी शहराचा एकच भाग निवडावा. भारतीय माणसाला सर्वांत मोलाचा भाग ‘सिटी हॉल’ या स्थानकाभोवती आहे. विमानतळावरून एम. आर. टी. नावाची शहरी आगगाडी सुटते. ताना मेरा येथे गाडी बदलली की सुमारे पाऊण तासात सिटी हॉल येते. परदेशी चालणारे बँकेचे कार्ड फाटकावर टेकविल्याने बहुधा काम भागते, निराळे तिकीट काढावे लागत नाही.

स्थानकातून वर येताच सेंट अँड्र्यूज हे शुभ्र देवालय दिसते. ते १८५६ ते १८६१ या काळात बांधले गेले आणि बांधणारे हात हिंदी कैद्यांचे होते. इंग्रज सरकार हिंदुस्थानातील काळ्या पाण्याचे कैदी तेव्हा सिंगापुरास धाडीत असे. ही पद्धत १८७३ मध्ये बंद झाली. या भिंतींवरील गिलाव्याला मद्रासी चुना म्हणतात. शिंपल्यांचा चुना, अंड्यातील पांढरा बलक व जाडी साखर एकत्र घोटून, त्यात नारळाच्या सोडणांचे पाणी मिसळून तो सिद्ध केला जाई. ज्यांची नावे कोणासही ठाऊक नाहीत, अशा आपल्या देशबांधवांची ही कारागिरी आहे.

जवळच ‘पाडांग’ नावाचे विस्तीर्ण हिरवे मैदान आहे. ५ जुलै १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी येथेच आझाद हिंद सेनेची पाहणी करून ‘चलो दिल्ली’ची हाक दिली. समोरच्या भव्य इमारतीत १२ सप्टेंबर १९४५ रोजी जपानी सेनेच्या शरणागतीवर सह्या झाल्या. आज तेथे राष्ट्रीय चित्रसंग्रहालय आहे. मैदानापलीकडे, समुद्राच्या बाजूस, एस्प्लनेड उद्यानात आझाद हिंद सेनेच्या हुतात्म्यांचे स्मारक होते. त्याची कोनशिला नेताजींनी जुलै १९४५ मध्ये बसविली. सिंगापूर पुन्हा हाती येताच दोनच महिन्यांनी माउंटबॅटन यांच्या आज्ञेने इंग्रजांनी ते उद्ध्वस्त केले. १९९५ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय वारसा मंडळाने त्या जागी स्मृतिफलक उभारला. देवालय, मैदान व फलक ही तिन्ही स्थळे वयस्क माणसालाही सावकाश चालत दोन तासांत पाहून होतात. फलकासमोर क्षणभर उभे राहण्यास तर पाच मिनिटेही पुरतात. पण ती पाच मिनिटे न साधल्याची रुखरुख जन्मभर राहील.

शाकाहारी जेवणाची ज्यांना विशेष चिंता, त्यांनी याऐवजी लिटल इंडिया हा भाग निवडावा. तेथील सेरंगून मार्गावर वीरमाकाळी अम्मनचे देऊळ आहे आणि दक्षिणी पद्धतीची भोजनगृहे आहेत. देऊळ दुपारी बंद असते, तेव्हा सकाळीच जावे. दोन्ही भाग एकाच दिवशी उरकण्याचा आग्रह मात्र नसावा.

काही नियम पाळणे अगत्याचे आहे. आगगाडीत खाणेपिणे वर्ज्य असून त्यास दंड होतो. गुटखा, खैनी, जर्दा हे पदार्थ त्या देशात नेणे गुन्हा आहे. तपकीर ओढणाऱ्यांनीही डबी घरीच ठेवावी. गाव विषुववृत्तालगत असल्याने बारमास उकाडा असतो आणि पाऊस न सांगता येतो. छत्री व पाणी जवळ असावे. परत निघण्याची वेळ कागदावर लिहून ठेवावी आणि ती होताच, पाहण्याचे काही उरले असले तरी, पावले स्थानकाकडे वळवावीत.

मिळालेला वेळ थोडा आहे हे ज्याने आधीच ओळखले, त्याचा तो वेळ वाया जात नाही. असा प्रवासी नातवंडाच्या घरी पोहोचतो तेव्हा केवळ थकवा घेऊन जात नाही. त्याच्यापाशी सांगण्यासारखी एक गोष्टही असते.