चौकशी घरची नको

नोव्हेंबर 2015 मध्ये मुंबईतील एका चर्चमध्ये धर्मगुरूने तेरा वर्षांच्या मुलावर लैंगिक अत्याचार केला. कुटुंबाने प्रथम धर्मप्रांताच्या वरिष्ठांकडे दाद मागितली; गुन्हा मात्र नोंदला गेला तो कुटुंब स्वतः पोलिसांकडे गेल्यावर. डिसेंबर 2021 मध्ये विशेष न्यायालयाने आरोपीला जन्मठेप सुनावली.

वस्तुतः 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना देणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोप फ्रान्सिस यांनी मे 2019 मध्ये धर्मगुरूंना तक्रार कळवणे बंधनकारक केले. पण कळवायचे ते बिशपांना वा वरिष्ठांना. नेमकी मेख येथेच आहे. पत हे संस्थेचे भांडवल. ते राखण्याची किंमत मात्र मूल मोजते. ज्याचे हित गुंतले आहे त्यानेच हिशेब तपासावा, हे कोणत्या व्यवहारात चालते?

मोरगावात बसून हा परधर्माचा प्रश्न आहे असे आपण म्हणू नये. आपल्या शाळांना आणि वसतिगृहांनाही कायदा तोच आहे. उद्या एखादा विद्यार्थी घाबरत काही सांगू लागला, तर आपण शिक्षक प्रथम कोठे जाणार? संस्थाचालकांकडे, की पोलीस ठाण्यात?