भाडेकरूची रीत

आखातात येणाऱ्या मराठी माणसाच्या बॅगेत पुस्तकांचा नंबर शेवटचा लागतो. गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि आईने बांधून दिलेले लाडू एवढे भरून झाले की विमानतळावरचा वजनकाटा डोळे वटारू लागतो, आणि सामान कमी करायची वेळ आली की सर्वांत आधी बाहेर निघते ते पुस्तक. शारजाचा पुस्तक मेळा १९८२ पासून भरतो. २०१९ साली तर युनेस्कोने शारजाला जागतिक ग्रंथ राजधानीचा मान दिला. त्या मेळ्यात मल्याळी बंधूंच्या पुस्तकांची रेलचेल पाहून कौतुकही वाटते आणि थोडा हेवाही वाटतो. मराठी पुस्तक मात्र शोधत हिंडावे लागते. त्यामुळे वाचनाचा नाद असलेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ई-वाचनयंत्र घेतले. त्यावर मराठी नीट वाचता यावे म्हणून यंत्राच्या आत काय बदल करावेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय बदलू नये, याविषयी आज चार गोष्टी सांगणार आहे.

या यंत्राचा पडदा मोबाइलच्या पडद्यासारखा नसतो. त्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात, आणि त्या कुप्यांमध्ये काळे व पांढरे विद्युत्भारित कण असतात. विजेचा दाब दिला की हवे ते कण वर येतात आणि तिथेच राहतात. म्हणून एकदा उमटलेले पान टिकवायला वीज लागत नाही आणि डोळ्यांनाही ते छापील कागदासारखे वाटते. हे तंत्र बाजारात आणणारी ई-इंक कंपनी १९९७ साली स्थापन झाली. ॲमेझॉनचे किंडल २००७ साली आले, आणि कॅनडातील कोबो त्यानंतर. रोमन लिपीसाठी ही यंत्रे पहिल्या दिवसापासून तयार होती. देवनागरीचे काम मात्र थोडे अवघड आहे. ते का, हे समजले तर पुढचे सगळे सोपे जाते.

'कि' हे अक्षर घ्या. संगणकाच्या स्मृतीत आधी 'क' असतो आणि मागून ऱ्हस्व वेलांटी येते, कारण उच्चाराचा क्रम तसा आहे. कागदावर मात्र वेलांटी आधी काढायची असते. 'भक्ती'तला 'क्त' स्मृतीत 'क', हलन्त आणि 'त' असे तीन तुकडे असतात. 'सूर्य'मधला रफार तर आपली जागा सोडून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. हे तुकडे जुळवून अक्षर घडवणारा कारागीर यंत्रात नसेल, तर वेलांट्या चुकीच्या जागी दिसतात आणि जोडाक्षरांच्या जागी पाय मोडलेली अक्षरे रांगेत उभी राहतात. या कारागिराला अक्षरजुळणीची प्रणाली म्हणू. अनेक आज्ञावलींमध्ये हे काम हार्फबझ नावाची खुली प्रणाली करते. दुबईत राहणाऱ्याला या नावाची गंमत कळेल: 'हर्फ' म्हणजे अक्षर, आणि फारसीत 'बाझ' म्हणजे खुले. अरबी अक्षरेही शब्दात आरंभी, मध्ये व शेवटी वेगवेगळी रूपे घेतात, म्हणून दुकानाच्या पाटीवरच्या अरबीला आणि आपल्या देवनागरीला एकाच जातीचा कारागीर लागतो.

म्हणजे मराठी पान नीट दिसायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: मजकूर युनिकोडमध्ये हवा, देवनागरी फॉन्ट हवा, आणि अक्षरजुळणी हवी. यातली पहिली गोष्ट यंत्राच्या हातात नाही. श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या संचांतून जुळवलेली पुस्तके पीडीएफ म्हणून सुंदर दिसतात, पण त्यातला मजकूर उचलून पाहिला तर रोमन चिन्हांचा गोंधळ निघतो. अशा पुस्तकाला कितीही चांगला फॉन्ट दिला तरी उपयोग नाही. त्याचा इलाज वेगळा आहे, तो पुढे येईल.

आता मुख्य मुद्दा. या देशात आपण बहुतेक जण भाड्याच्या घरात राहतो. भाडेकरूची एक रीत असते. भिंतीवर गणपतीचा फोटो लावावा, खिडकीला पडदा लावावा, स्वयंपाकघरात एक फळी वाढवावी. पण भिंत पाडू नये, नळजोडणी हलवू नये, आणि घर सोडताना अनामत रक्कम पूर्ण परत मिळेल अशा बेताने राहावे. वाचनयंत्र आपण पैसे मोजून घेतलेले असते हे खरे, पण त्याची मूळ प्रणाली, तिच्या नव्या आवृत्त्या आणि हमी कंपनीच्या हाती असतात. म्हणून मी प्रत्येक बदलाला तीन प्रश्न विचारतो. कंपनीची मूळ फाइल बदलते का? हा बदल पाच मिनिटांत काढता येतो का? आणि तो बिघडला तर यंत्र स्वतःहून मूळ रूपात सुरू होते का?

हा हट्ट केवळ हमीसाठी नाही. माझी आई दर हिवाळ्यात तीन महिने आमच्याकडे अबू धाबीला येते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बारीक टाइपाची छापील पुस्तके तिने बाजूला ठेवली होती. आता ती मोठी अक्षरे लावून रोज दुपारी वाचते. पण उरलेले नऊ महिने ती साताऱ्यात असते, आणि तिथे यंत्र अडले तर शेजारचा मुलगा कंपनीची माहितीपुस्तिका उघडून पाहणार. यंत्राचे पान पुस्तिकेतल्या पानासारखे दिसले नाही तर तो काय करणार, आणि मी इथून फोनवर काय सांगणार? ज्याच्यासाठी बदल करायचा तो माणूस आणि बदल करणारा माणूस वेगळे असतील, तर यंत्र मूळ रूपाच्या जवळ ठेवणे ही गरजच होते. तिच्या हातातले वाचन एकदा सुटले की पुन्हा लागणे कठीण, हे मी जाणून आहे.

आता पायऱ्या पाहू. मी कोबोचे उदाहरण घेतो, कारण त्याची रचना मोकळी आहे.

पहिली पायरी फॉन्टची. यंत्र संगणकाला जोडले की ते पेन ड्राइव्हसारखे उघडते. त्यात इंग्रजीत 'फॉन्ट्स' या नावाचा फोल्डर करावा आणि फॉन्टच्या फाइली त्यात टाकाव्यात. एवढेच. यात प्रणालीला हात लागत नाही. ही सोय कंपनीचीच आहे. किंडलवरही २०१८ पासून अशीच सोय आहे. फॉन्ट निवडताना तो मराठीचा आहे ना, हे पाहावे. हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' आपल्यापेक्षा वेगळे असतात. पाकळीचा 'ल' आणि गाठीचा 'श' हे आपले वळण, आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयानेही तेच ग्राह्य धरले. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला 'ऱ्य', 'ऱ्ह' नीट उमटतो का, हेही तपासावे. टिरो देवनागरी मराठी, आयआयटी मुंबईचा शोभिका, एक टाइपचा मुक्ता हे फॉन्ट विनामूल्य मिळतात.

दुसरी पायरी पुस्तकाच्या फाइलीची. कोबोमध्ये साधे ईपब पुस्तक एका प्रणालीतून दाखवले जाते आणि कंपनीचे स्वतःचे केपब पुस्तक दुसऱ्या प्रणालीतून. दोन्हींचा कारागीर वेगळा, त्यामुळे एकच पुस्तक दोन रूपांत वेगळे दिसू शकते. म्हणून यंत्र बदलण्याआधी पुस्तकाचे रूप बदलून पाहावे. कॅलिबर ही विनामूल्य आज्ञावली त्यासाठी उत्तम. ती कोविद गोयल या भारतीयाने २००६ साली लिहायला घेतली आणि आज जगभर वापरली जाते. तिच्यात ईपबचे केपब करता येते. त्याच वेळी पुस्तकाच्या माहितीत भाषेच्या रकान्यात 'मराठी' भरावे. हा रकाना शोभेचा नाही. काही फॉन्टांत हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे असतात, आणि कोणते काढायचे हे फॉन्ट त्या नोंदीवरून ठरवतो.

बऱ्याच वाचकांचे काम या दोन पायऱ्यांत भागते. भागले असेल तर इथेच थांबावे.

तिसऱ्या पायरीवर आपण पहिल्यांदा प्रणालीच्या दारात पाऊल टाकतो. कोबोच्या आत लिनक्स आहे आणि त्यावर चालणाऱ्या वाचनाच्या आज्ञावलीला 'निकेल' म्हणतात. निकेलमेन्यू ही छोटी जोड त्या निकेलच्या मेनूत आपल्याला हव्या त्या नोंदी वाढवते. बसवण्याची पद्धत कंपनीच्याच वाटेने जाते: एक फाइल यंत्रातल्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि तार काढायची. यंत्राला वाटते नवी आवृत्ती आली, आणि ते ती फाइल आपणहून उघडून बसवते. मूळ फाइली जागच्या जागी राहतात.

मला या जोडणीतली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तिची सावधगिरी. यंत्र सुरू होताना ही जोड स्वतःची फाइल क्षणभर बाजूला सरकवून ठेवते. सगळे सुरळीत सुरू झाले तरच ती परत जागेवर येते. मध्येच घोटाळा झाला, तर पुढच्या वेळी यंत्राला ती सापडतच नाही आणि ते मूळ रूपात उघडते. समजूतदार पाहुणा घरात वाद दिसताच उंबऱ्यावरूनच मागे फिरतो, तसे हे आहे. शिवाय तिच्या फोल्डरमध्ये ठरावीक नावाची एक रिकामी फाइल ठेवली की ती स्वतःला काढून टाकते.

चौथी पायरी केओरीडरची. ही वाचनाची स्वतंत्र, खुली आज्ञावली आहे. ती निकेलच्या जागी बसत नाही, शेजारी राहते. मेनूतून तिला बोलावले की निकेल थांबते. तिच्यातून बाहेर पडले की निकेल पुन्हा सुरू होते. अक्षरजुळणी हार्फबझची असल्याने देवनागरी नीट घडते. वर ज्या जुन्या पीडीएफचा उल्लेख केला, त्यांचा इलाजही इथेच आहे. केओरीडर पीडीएफचे पान चित्र म्हणून घेते, त्यातले शब्द कापते आणि मोठे करून नव्या ओळींत मांडते. त्याला मजकूर वाचता येण्याची गरजच नसते. आपल्या शिरोरेषेमुळे शब्द आधीच एकसंध असतो, त्यामुळे कापणी बहुधा बरोबर जागी होते. ई-साहित्य प्रतिष्ठानची विनामूल्य पीडीएफ पुस्तके सहा इंची पडद्यावर वाचायची असतील, तर हा मार्ग जरूर करून पाहा. मराठी विकिस्रोतातली पुस्तके मात्र थेट ईपब म्हणून उतरवता येतात. त्यांना एवढा खटाटोप नको.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. केओरीडर वाचनाची खूण पुस्तकाशेजारी स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवते, त्यामुळे तिथे पान शंभरवर असलात तरी निकेलला ते ठाऊक नसते. एक पुस्तक एकाच ठिकाणी वाचावे. दुसरे, तिची चित्रे ग्रंथालयाच्या यादीत पुस्तके म्हणून दिसू लागली, तर लपलेले फोल्डर वगळण्याची एक ओळ कोबोच्या सेटिंगच्या फाइलीत असावी लागते.

किंडलचे काय, असे काही जण विचारतील. डिसेंबर २०१६ पासून ॲमेझॉन किंडलवर मराठी पुस्तके विकते, आणि २०२२ पासून ईपब फाइली त्यांच्या सेवेमार्फत यंत्रावर पाठवता येतात. त्यापलीकडे जायचे तर कुलूप फोडावे लागते: कोणीतरी प्रणालीतली फट शोधतो, कंपनी पुढच्या आवृत्तीत ती बुजवते, आणि मालकाला नव्या आवृत्त्या अडवून बसावे लागते. वरच्या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर मनासारखे येत नाही. म्हणून किंडलवर फॉन्टपाशी थांबावे, हा माझा सल्ला. पुस्तकांवरची कुलपे तोडण्याचा विषय तर इथे नाहीच. लेखकाचा हक्क आहे आणि अमिरातीचा २०२१ चा कॉपीराइट कायदाही आहे.

शेवटी व्यवहाराचे. काहीही करण्याआधी यंत्रातले सगळे फोल्डर, लपलेल्यांसह, संगणकावर उतरवून ठेवावेत आणि बॅटरी पूर्ण भरावी. एका दिवशी एकच बदल करावा, म्हणजे बिघडले तर कारण शोधत बसावे लागत नाही. कंपनीची नवी आवृत्ती आली की तिच्याशी आपल्या जोडण्या जुळतात का, हे आधी पाहावे. मूळ स्थितीत परत नेण्याची सोय यंत्रात असते, पण ती पुस्तकेही पुसते. आणि यंत्र गाडीत विसरू नये. उत्पादक वापरासाठी साधारण ३५ अंशांपर्यंतची मर्यादा सांगतात आणि आपल्या ऑगस्टमध्ये सावलीतला पाराही ती ओलांडतो.

मी आईच्या यंत्रावर पहिल्या दोनच पायऱ्या केल्या आहेत. माझ्या यंत्रावर चारही आहेत. ते उघडले की पहिले पान कंपनीचेच दिसते आणि त्यावर आपली एक नोंद जास्त असते. कोणाला या कामी हात हवा असेल, तर पुढच्या भेटीत यंत्र आणि तार घेऊन यावे. तास-दीड तासात पहिल्या दोन पायऱ्या सहज होतात.